सुगंधी बाग: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शन

ही मार्गदर्शिका कुणासाठी आहे ते आधी सांगितलेलं बरं. वय चाळिशीच्या पुढे, गृहकर्ज निम्म्यावर आलेलं, गॅलरीत एक आचके देणारी तुळस आणि कुणीतरी बळेच दिलेला मनी प्लांट. असा माणूस एखाद्या संध्याकाळी भाजी घेऊन परतत असतो. कुणाच्या तरी कुंपणावरून जुईचा वास येतो. पिशवी या हातातून त्या हातात जाते, पाय रेंगाळतात आणि "आपल्याकडेही असं काहीतरी हवं" हा विचार डोक्यात शिरतो. विचार शिरल्यापासून चोवीस तासांच्या आत ही मार्गदर्शिका वाचावी. तेवढा वेळ उलटून गेला असेल तर कुंड्या घरात येऊन पडल्याच असतील. अशांनी पहिल्या दोन पायऱ्या वाचून स्वतःला त्रास करून घेऊ नये.

पायरी पहिली: ऊन मोजणे

"आमच्याकडे भरपूर ऊन येतं हो," असं प्रत्येक गॅलरीमालक सांगतो. नीट चौकशी केली की कळतं, येतो तो उजेड. ऊन समोरच्या इमारतीला लागतं आणि तिच्या पांढऱ्या रंगावरून परतून यांच्याकडे येतं. मोगरा, जाई, जुई, निशिगंध, सोनचाफा या मंडळींना रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. नुसत्या उजेडावर ती मरत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. ती हिरवीगार राहतात, लांबलचक फांद्या सोडतात, वरच्या मजल्याच्या ग्रिलला जाऊन बिलगतात आणि फूल म्हणून दाखवत नाहीत. मालक मग खत घालतो. फांदी आणखी हातभर लांबते.

उन्हाची दिशा दाखवणारी ॲपं आता मोबाइलवर मिळतात. त्यांच्या नादी लागू नये. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना विचारावं, "कुरडया कुठे वाळत घालायच्या?" त्या जिकडे बोट दाखवतील ती मोगऱ्याची जागा. अडचण एवढीच की एप्रिलमध्ये त्या जागेला दोन अर्जदार होतात, आणि निकाल मोगऱ्याच्या बाजूने लागल्याचं अजून ऐकिवात नाही.

गॅलरी उत्तरेची असेल तर सोनटक्का चालेल, अनंतही सकाळच्या दोन-तीन तासांच्या उन्हावर भागवून घेईल. मोगऱ्याचाच हट्ट असेल तर दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांना वाढदिवसाला मोगऱ्याचं रोप भेट द्यावं. पाणी त्यांनी घालायचं, वास तुमच्याकडेही येतो.

पायरी दुसरी: रोप आणणे

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचनच्या अलीकडे-पलीकडे नर्सऱ्यांची रांग लागते. मुंबईकरांना वसई आहे, कोकणातल्यांना तर कुणाच्याही परड्यात शिरलं तरी चालतं. कुठेही गेलात तरी संभाषण एकच होतं.

"बारमाही आहे ना हा मोगरा?"

"बारमाहीच आहे, साहेब."

"म्हणजे थंडीतही फुलं येणार?"

"थंडीत जरा विश्रांती घेतो."

"आणि पावसात?"

"पावसात वाढ धरतो."

"म्हणजे फुलतो फक्त उन्हाळ्यात."

"तेच म्हणतोय ना मी. बारमाही."

इथे वाद घालू नये. त्याचंही खोटं नाही, झाड बारा महिने जिवंत असतंच. नवशिक्याने लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. कळ्यांनी लगडलेलं रोप बघून हात पुढे जातो, तो मागे घ्यावा. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून गाडीच्या डिकीत, डिकीतून सहाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात, एवढा प्रवास झाल्यावर त्या कळ्या चार दिवसांत गळून पडतात आणि घरात "तुला फसवलं त्याने" हा विषय सुरू होतो. बुडापासून चार-पाच फांद्या फुटलेलं, ठेंगणं, पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसलेलं रोप उचलावं.

जाई, जुई, सायली आणि चमेली यांतलं नेमकं काय आणलं, हे नर्सरीवाल्याला विचारून उपयोग नाही. चार नर्सऱ्यांत पाच मतं मिळतात. पानं बघावीत. एका देठावर सात-नऊ छोटी पानं आणि कळी पाठीमागून गुलाबट असेल तर बहुतेक जाई. पान एकच, किंवा मोठ्या पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीएवढी दोन इवली पानं असतील तर जुई. घरी पोहोचल्यावर सासूबाई "ही सायली आहे" म्हणाल्या तर ती सायली आहे.

मोगऱ्याचं बी ऑनलाइन मिळतं. शंभर दाण्यांचं पाकीट, वर टपोऱ्या मोगऱ्याचा फोटो. घ्यायला कुणाची हरकत नाही, उगवतं काहीतरी. क्वचित छान पालेभाजीही निघते. आपल्याकडचा मोगरा सहसा बी धरतच नाही. बटमोगऱ्यासारख्या भरगच्च जातींत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग बी धरणार कशाने? शतकानुशतकं हे झाड फांदीवरूनच वाढत आलं आहे. तुमच्या कुंडीतला मोगरा म्हणजे कुण्या एका जुन्या मोगऱ्याची फांदीची फांदी, तिची फांदी.

पायरी तिसरी: माती

ही पायरी फेसबुकवर पन्नास प्रकारे समजावलेली आहे, त्यामुळे इथे उरकून घेऊ. लाल पोयटा, मुरलेलं शेणखत, पाणी निथळावं म्हणून थोडी रेती किंवा कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड, १२ इंची कुंडी आणि कुंडीच्या तळाला भोक. भोक असल्याची खात्री बोट घालून करावी, नुसती खूण असते बऱ्याचदा.

शेणखत घरात आणल्यावर नाकाला रुमाल लावणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हरकत नाही. मोगऱ्या-जाईच्या सुगंधात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. तेच द्रव्य विष्ठेतही सापडतं. प्रमाण थोडं असलं की गजरा, वाढलं की नाक मुरडायचं. म्हणजे शेणखत आणि मोगरा यांची सोयरीक पहिल्यापासूनची आहे, तुम्ही फक्त बैठकीला जागा दिलीत. ही माहिती गजरा माळून बसलेल्या पाहुण्यांसमोर देऊ नये.

पायरी चौथी: मोगऱ्याला उपाशी ठेवणे

आता मुख्य विषय. बागकामाची पुस्तकं कामं सांगतात: हे घाला, ते शिंपडा, हे उकरा. सुगंधी झाडांच्या बाबतीत नवशिक्याने शिकायचं ते हात आवरणं. लाडाने मेलेली झाडं दुर्लक्षाने मेलेल्यांपेक्षा जास्त असावीत, असं गॅलऱ्यांखालून जाताना वाटतं.

डाळिंब-संत्र्याचे बागायतदार ज्याला 'ताण देणं' म्हणतात, तेच मोगऱ्याला करायचं असतं. नोव्हेंबर लागला की पाणी हळूहळू कमी करत न्यायचं. डिसेंबरात ते जवळपास तोडायचं. कुंडीतल्या झाडाने अगदीच मान टाकली तर वाटीभर, एरवी नाही. पानं निस्तेज होतात, कडा करपतात, काही गळतात. बघवत नाही, पण बघायचं. जानेवारीत एके दिवशी सिकेटर घेऊन प्रत्येक फांदी निम्म्यापर्यंत छाटायची. उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढायची. वरची दोन-तीन बोटं माती खुरप्याने मोकळी करून त्यात शेणखत आणि पेंड मिसळायची, आणि मग भरपूर पाणी द्यायचं. फेब्रुवारीत त्या काड्यांना लालसर-हिरवे कोंब फुटतात. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या फांदीवर कितीही जीव लावा, ती मान हलवेल, फुलणार नाही. म्हणून छाटणी. मार्चमध्ये प्रत्येक टोकावर तीन-तीन कळ्यांचा तुरा दिसायला लागतो. मधली कळी आधी फुगते, बाजूच्या दोघी तिच्या मागे रांगेत. पहिला बहर झाला की फुललेल्या टोकाखालची दोन पेरं खुडायची, पुन्हा फुटवा, पुन्हा कळ्या, असं जूनपर्यंत.

वाचायला सोपं वाटतं ना? यात एकच घटक पुस्तकं धरत नाहीत. घरात माणसं असतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोगऱ्याची माती बोट लावून बघावी. ती ओली असेल. तुम्ही पाणी घातलेलं नसेल. घरात विचारावं.

"आई, मोगऱ्याला पाणी घातलं?"

"मी? छे. मी कशाला घालू?"

"माती ओली आहे."

"देवाचं तीर्थ उरलं होतं. तेवढंच."

दुसऱ्या दिवशी तांदळाचं धुवण उरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी डाळीचं. चौथ्या दिवशी चहाचा चोथा, तोही न धुता, साखरेसकट. त्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणून हळद. सासूबाईंच्या मते पाण्यावाचून झाड ठेवणं हे पाप आहे आणि ते या घरात होऊ देणार नाही, मग तुमच्या त्या मोबाइलमधला माणूस काहीही सांगो. कामवाल्या मावशी त्यांच्या बाजूने असतात, कारण लादी पुसून उरलेली बादली त्यांना न्हाणीघरापर्यंत न्यायची नसते. (फिनाइलचं पाणी मोगऱ्याला मानवत नाही, एवढी नोंद करून पुढे जाऊ.)

यावर उपाय आहे. मोगऱ्याशेजारी सोनटक्क्याची कुंडी ठेवावी. सोनटक्का हळद-आल्याच्या घराण्यातला, ओहोळाच्या काठी वाढणारा, त्याला पाय पाण्यातच लागतात. तीर्थ, धुवण, गाळलेला चहा, सगळं त्याच्यात जाऊ द्यावं. पुण्य सासूबाईंना, ताण मोगऱ्याला. पावसाळा लागला की सोनटक्क्याच्या टोकाच्या कणसातून पांढरी फुलं निघतात, एकेक दिवसाची, वास असा की पुण्यकर्माचं फळ मिळाल्याचं सासूबाईंना पटतं. क्युबाने हे फूल राष्ट्रीय फूल म्हणून घेतलं आहे. आपल्याकडे ते सांडपाण्याच्या कडेला लावतात, आणि ते तिथेही तितकंच फुलतं.

ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेला मोगऱ्याचा अभंग ऐकून कुणी प्लॅस्टिकच्या कुंडीकडून तशी अपेक्षा ठेवू नये. कुंडीतला मोगरा कमरेएवढा ठेवावा. आभाळ त्याच्यासाठी नाही, आणि वरच्या मजल्यावर वहिनी आहेत.

पायरी पाचवी: रातराणी आणि सर्वसाधारण सभा

रातराणी लावायला सोपी, वाढवायला त्याहून सोपी, निस्तरायला कठीण. वांग्या-बटाट्याच्या कुळातलं हे झुडूप अमेरिकेच्या उष्ण भागातून आलं आणि इथे असं रुळलं की ते परकं आहे हे सांगितलं तर लोकांना राग येतो. वर्षातून अनेकदा झुपक्यांनी फुलतं. दिवसा त्या हिरवट नळ्यांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आठ-साडेआठ वाजले की सगळ्या मजल्याला कळतं. बेडरूमच्या खिडकीला लागून ती लावू नये. पहिल्या रात्री "अहाहा", तिसऱ्या रात्री डोकेदुखीची गोळी. दहा-पंधरा फुटांवर असलेलं बरं. तिची पांढरी फळं विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर फुलं सरताच झुपके छाटून टाकावेत.

या फुलांचा रंग पांढरा आणि वेळ रात्रीची, त्यामागे हिशेब आहे. अंधारात लाल-निळ्याचा उपयोग काय? लांब सोंडेचे पतंग रात्री वासावर येतात, फिकट रंग त्यांना चटकन दिसतो, आणि फुलाची नळी त्यांच्या सोंडेला पुरेल इतकी खोल असते. सगळा घमघमाट त्यांच्यासाठी चाललेला असतो. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका गॅलरीत खुर्ची टाकून बसतात ते बिनबुलाए.

रातराणी लावल्यावर तीन महिन्यांत सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत एक विषय येतो: "विषय क्रमांक ७: बी-विंगमधील रातराणी व त्यामुळे साप येण्याची शक्यता." घाबरू नये. सापाला फुलांच्या वासात काहीही रस नाही. तो जिभेने हवेतली चव घेत उंदीर-बेडूक हुडकत असतो. झुडूप दाट असेल, बुडाशी पालापाचोळा आणि ओल असेल, तर तिथे बेडूक येतो आणि बेडकामागे साप. हे रातराणीलाच नाही, कुठल्याही झुडपाला लागू आहे. बुडाची जागा झाडून मोकळी ठेवली की प्रश्न मिटला. सभेत मात्र उंदरांचा उल्लेख टाळावा, कारण उंदीर कचऱ्याच्या खोलीत आहेत आणि ती खोली हा विषय क्रमांक ८ आहे, ज्यावर गेली काही वर्षं कुणी बोलत नाही. ठराव असा करून घ्यावा की रातराणी ठेवावी, पण तिला सगळ्यांनी निशिगंध म्हणावं.

पायरी सहावी: पारिजातक, अर्थात हद्दीचा वाद

ज्यांच्याकडे अंगण आहे अशा भाग्यवंतांसाठीच ही पायरी. कृष्णाने पारिजातक स्वर्गातून आणून लावला सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं पडायला लागली रुक्मिणीच्या. आजही पारिजातक कुंपणालगतच लावला जातो आणि फुलं पलीकडेच पडतात. फरक एवढाच की रुक्मिणीकडे तेव्हा पांढरी सेदान नव्हती. पहाटे गाडीच्या टपावर, काचेवर, वायपरच्या फटीत फुलंच फुलं, दुपारपर्यंत त्यांचा चिकट तपकिरी लगदा. मग पलीकडून पौराणिक नसलेल्या भाषेत संवाद सुरू होतो.

उपाय सोपा आहे. ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंतचे महिने रोज रात्री झाडाखाली जुनी सुती साडी अंथरावी, टोकं चार विटांनी दाबावीत. पहाटे फुलं आपोआप गळतात. झाड हलवू नये, फांदी ओढू नये. पारिजातकाचा वास घ्यायला हातसुद्धा लावावा लागत नाही. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं ते याचंच, असा मान त्याला आहे. साडी गोळा करताना नीट पाहावं: पांढऱ्या पाकळ्या तासाभरात मलूल होतात, केशरी देठ मात्र ताठ राहतो, आणि दवाने ओल्या झालेल्या देठांचे पिवळे-केशरी ठिपके साडीवर उमटलेले असतात. या देठांपासून पूर्वी कापड रंगवायचे. साडी कुणाची होती आणि विचारून घेतली होती का, हा मुद्दा या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

बाकीची मंडळी, थोडक्यात

अनंत. घडीव पांढरं फूल, वास ओढून घेणारा, आणि स्वभाव रुसका. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत परसदारी दुर्लक्षित उभा राहून फुलतो. देशावर बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्यावर त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याचा अर्थ भूक नव्हे. अशा मातीत लोह असूनही त्याला घेता येत नाही. नवशिके त्याला युरिया देतात. चिलेटेड लोह फवारावं, पावसाचं पाणी साठवून घालावं, आणि कळ्या आल्यावर कुंडी जागची हलवू नये. दिवाळीची साफसफाई असली तरी.

निशिगंध, म्हणजेच गुलछडी. मूळ मेक्सिकोतली, आता पुणे जिल्ह्यातल्या शेतातली. उन्हाळ्याच्या तोंडाशी कंद लावावेत, पावसाळ्यात दांडे येतात. नर्सरीत 'डबल' दाखवतील, ती फुलदाणीत शोभते. वासासाठी 'सिंगल' घ्यावी. बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेने काढलेल्या 'प्रज्वल', 'शृंगार', 'सुवासिनी' अशा जातींची नावं लग्नपत्रिकेतली वाटतात, पण ती खरी आहेत.

सोनचाफा. बियांपासून वाढवला तर फुलं बघायला संयम लागतो, पाच-सात वर्षांचा. कलम घ्यावं, 'वेलणकर' नावाचं कलम मागितलं की नर्सरीवाला तुमच्याकडे जरा आदराने बघतो. वसईचे बागायतदार पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात सोनचाफा आणतात. त्यांच्याकडून रोज चार फुलं घेणं हाही चाफा लावण्याचाच एक प्रकार आहे, आणि फ्लॅटवाल्यांसाठी तोच बरा.

हिरवा चाफा. सीताफळाच्या कुळातला. फूल हिरवंच असतं, पानांत दिसत नाही, पिकून पिवळं व्हायला लागलं की वास सुटतो. घरातले सगळे "पिकलेलं फळ कुठे राहिलंय?" म्हणून फ्रीज उपसतात.

बकुळ. लावावी. पण बाल्कनीत नको, आणि घाईत नको.

कीड व रोग

कृषी खात्याच्या पत्रकांची शिस्त इथे पाळत आहोत.

मावा आणि पिठ्या ढेकूण: कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थेंबभर साबण. संध्याकाळी मारावं, भर उन्हात मारलं तर किडीआधी पानं जळतात.

कळी पोखरणारी अळी: मोगऱ्याच्या कळीला बारीक भोक, कळी जांभळट होऊन न उमलताच सुकते. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकाव्यात, कुंडीत टाकू नयेत.

लाल कोळी: कोरड्या उन्हाळ्यात पानाच्या पाठीवर जाळी. पाठीमागून पाणी मारत राहावं.

पहाटफेरीवाला: ही कीड तळमजल्यावर आणि बंगल्यांत आढळते. ओळख: पांढरे बूट, कानटोपी, हातात रिकामी वाटणारी प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला आकडा असलेली काठी. सक्रिय काळ पहाटे साडेपाच ते सहा, गणपती ते दसरा प्रादुर्भाव तीव्र. नुकसानीचा प्रकार: कुंपणाबाहेर आलेली एकूण एक फुलं जातात, कळ्याही जातात, क्वचित फांदी मोडते. पकडल्यास "देवासाठी" असा आवाज करते. रासायनिक नियंत्रण कायद्यात बसत नाही. "फुले तोडू नयेत" या पाटीचा परिणाम होत नाही, कारण अंधारात ती दिसत नाही. जैविक नियंत्रण म्हणून कुत्रा पाळून पाहिलेल्यांचा अनुभव असा, की कुत्र्याला पाव देऊन किडीने त्याच्याशी मैत्री केली.

पत्रकात 'आर्थिक नुकसानीची पातळी' नावाची एक संकल्पना असते: कीड तेवढी होईपर्यंत फवारणी करायची नाही. इथेही तसंच धरावं. कुंपणाबाहेर कण्हेर आणि जास्वंद लावावी, देवाला दोन्ही चालतात आणि पिशवी लवकर भरते. मोगरा आतल्या बाजूला. शिवाय मोगऱ्याच्या बाबतीत वेळ तुमच्या बाजूने आहे, ती कशी ते पुढे.

काढणी

मोगऱ्याची कळी सकाळी तोडणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. रात्री उमललेलं फूल पहाटेपर्यंत पिवळसर व्हायला लागलेलं असतं आणि आजची कळी अजून हिरवट, गच्च असते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला बघावं: जी कळी पूर्ण पांढरी झाली, फुगली, पण टोक अजून मिटलेलं आहे, ती आजची. ती देठासकट खुडून ओल्या रुमालात ठेवावी. सातच्या सुमारास रुमाल उघडला की अर्ध्या उमललेल्या असतात.

गुलाब खुडला की त्याचा वास हळूहळू सरतो. मोगरा-जाईचं तसं नाही, खुडल्यावरही फूल कितीतरी तास नवा सुगंध करत राहतं. फ्रान्समधल्या ग्रासच्या अत्तरवाल्यांनी यावरच धंदा उभा केला होता. जाईची फुलं चरबीच्या थरावर पसरायची, तिने रात्रभर वास शोषायचा, सकाळी फुलं बदलायची. आपल्याकडे तेच काम केस करतात. चरबीऐवजी खोबरेल.

पाच-सहा कळ्यांत गजरा होत नाही, हे पहिल्या वर्षी गृहीत धरावं. त्या पाण्याच्या वाटीत घालून टीव्हीजवळ ठेवाव्यात. कुणीतरी "फ्रेशनर मारलाय का?" असं विचारील. रागावू नये.

शेवटची पायरी: फांदी देणे

दुसऱ्या उन्हाळ्यात मोगरा लगडला की लोक फांदी मागायला येतील. पहिल्या वर्षी ज्यांनी "कशाला ही उठाठेव?" म्हटलं होतं, ते आधी येतील. यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. हे झाड फांदीवरूनच पुढे जातं, आणि तुमच्याकडेही ते कुणाच्या तरी फांदीतूनच आलेलं आहे. फक्त मार्चमध्ये ऐन कळ्यांत कुणी मागितली तर "जूनमध्ये या" म्हणावं. जूनमध्ये बहर ओसरतो, हलकी छाटणी करायचीच असते आणि हवेत ओल असते. पेन्सिलीहून थोडी बारीक, अर्धवट पिकलेली फांदी घ्यावी, चार-पाच पेरांची. खालची पानं काढावीत, वरची दोन अर्धी कापावीत, खालची दोन पेरं रेतीमिश्रित मातीत जातील अशी लावावी आणि सावलीत ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मधेच उपटून बघू नये. सगळे बघतात.

आता प्रश्न उरतो तो समजुतीचा. मागून आणलेली फांदी जगत नाही आणि चोरून आणलेली हमखास जगते, अशी आपल्याकडे पक्की खात्री आहे. त्यामुळे तुम्ही प्रेमाने कापून, ओल्या कागदात गुंडाळून दिलेली फांदी घेताना शेजारच्या काकूंचा चेहरा पडतो. त्यांचं मन मोडू नये. पहिला पाऊस झाल्यावर ज्या फांद्या छाटायच्या आहेत त्यांना लाल दोरा बांधावा, काकूंना चहाला बोलवावं, सिकेटर गॅलरीच्या कठड्यावर दिसेल असं ठेवावं आणि आपण आत जाऊन आधण टाकावं. आलं किसायला जरा वेळ लावावा. बाहेर येईपर्यंत छाटणी झालेली असते.